यंत्रारंभाचा क्षण आणि विद्युतपुरवठा : स्वनिर्मित विमानांतील इलेक्ट्रॉनिक दर्शकांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना सामान्यतः मोठ्या शोधांकडे लक्ष दिले जाते. एखादे यंत्र कोणी शोधले, ते प्रथम केव्हा चालले, त्याचा वेग किती होता, या प्रश्नांभोवती असा इतिहास फिरतो. परंतु दोन वेगवेगळ्या काळांत विकसित झालेली यंत्रे एकाच ठिकाणी एकत्र आली म्हणजे त्यांच्या सांध्यावर जे प्रश्न निर्माण होतात, त्यांचा इतिहास फारसा लिहिला जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक सांधा आहे.

हौशी मंडळींनी स्वतः बांधलेल्या छोट्या विमानात एंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतून प्रचंड विद्युतप्रवाह खेचतो. त्यामुळे बॅटरीचा विद्युतदाब क्षणभर कोसळतो आणि कॉकपिटमधील इलेक्ट्रॉनिक दर्शक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. वरवर पाहता ही काही सेकंदांची गैरसोय वाटते. मात्र एंजिन सुरू झाल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट हे वैमानिकाच्या दृष्टीने तेलाचा दाब तपासण्याचे असते आणि नेमक्या त्याच वेळी तो दाब दाखविणारा पडदा काळा असतो. ही अडचण कशी निर्माण झाली आणि ती सोडविण्यासाठी हौशी विमानबांधणी करणाऱ्यांनी कोणते मार्ग शोधले, याचा मागोवा येथे घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

1) विमानाचे एंजिन आणि विद्युतव्यवस्था यांच्यातील संबंध काळानुसार कसा बदलत गेला हे पाहणे.
2) स्वनिर्मित विमानांत इलेक्ट्रॉनिक दर्शकांचा प्रवेश कोणत्या परिस्थितीत झाला याचा आढावा घेणे.
3) यंत्रारंभाच्या वेळी दर्शकांना अखंड वीज मिळावी यासाठी योजिलेल्या उपायांचे ऐतिहासिक दृष्टीने मूल्यमापन करणे.

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अमेरिकेतील हौशी विमानबांधणीची परंपरा सर्वांत मोठी व सर्वाधिक नोंदविलेली असल्याने विवेचन प्रामुख्याने तेथील घडामोडींपुरते मर्यादित ठेवले आहे.

विजेविना उडणारे एंजिन

राइट बंधूंचे 1903 चे विमान हेही एका अर्थाने स्वनिर्मित विमानच होते. त्याच्या एंजिनात ठिणगी पाडण्याची जी व्यवस्था होती ती या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. एंजिन सुरू करण्यासाठी कोरड्या विद्युतघटांचा व वेटोळ्याचा उपयोग केला जाई. मात्र हे घट विमानाबरोबर वर जात नसत. एंजिन फिरू लागले की मॅग्नेटो हे छोटे जनित्र स्वतःच ठिणगीपुरती वीज निर्माण करी. बॅटरी जमिनीवर राही आणि विमान आकाशात जाई.

या व्यवस्थेतील तत्त्व पुढील अनेक दशके टिकले. लाइट विमानांच्या एंजिनात दोन स्वतंत्र मॅग्नेटो बसविण्याची पद्धत रूढ झाली. विमानातील सर्व विद्युतव्यवस्था बंद पडली तरी एंजिन चालू राहते, हा विश्वास या पद्धतीने दिला. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेल्या पायपर जे-3 कब या विमानात मूळ स्वरूपात विद्युतव्यवस्थाच नव्हती. एक जण पुढे उभा राहून हाताने पंखा फिरवी आणि दुसरा कॉकपिटमध्ये बसून ब्रेक व थ्रॉटल सांभाळी. ही पद्धत धोकादायक होती, परंतु तीत बॅटरीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

उपकरणांचीही स्थिती अशीच होती. वेगदर्शक व उंचीदर्शक हवेच्या दाबावर चालत. तेलाचा दाब दाखविणाऱ्या उपकरणात तेल बारीक नळीतून थेट मापकापर्यंत येई आणि वक्र नळीच्या ताणाने काटा हलत असे. 24 सप्टेंबर 1929 रोजी जेम्स डूलिटल यांनी केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण व अवतरण करून दाखविले, त्यानंतर घूर्णदर्शी उपकरणांचे महत्त्व वाढले. छोट्या विमानांत त्यांतील बहुतेक उपकरणे दीर्घकाळ एंजिनवर चालणाऱ्या निर्वात पंपाच्या साहाय्याने फिरत राहिली. थोडक्यात, एंजिन आणि उपकरणे ही दोन्ही बॅटरीपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र होती.

विजेवर चालणारा स्टार्टर मूळचा मोटारगाडीचा. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या खासगी विमानांचा प्रसार झाला तेव्हा हाच सोयीचा मार्ग त्यांतही रूढ झाला. येथून बॅटरीला विमानात एक महत्त्वाचे, पण मर्यादित काम मिळाले. ते काम म्हणजे एंजिन पहिल्यांदा फिरविणे.

हौशी विमानबांधणीची परंपरा

1929 च्या सुमारास बर्नार्ड पिटेनपोल यांनी फोर्ड मोटारीचे एंजिन बसविलेले एअर कँपर हे विमान तयार केले आणि सामान्य माणसाला घरी विमान बांधता येते हे दाखवून दिले. या चळवळीला संघटित रूप आले ते 1953 मध्ये. पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिन राज्यात एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या संघटनेची स्थापना केली. 1970 पासून तिचा वार्षिक मेळावा ऑशकॉश येथे भरतो.

अमेरिकन नियमांनुसार विमानाचा मोठा भाग हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी बांधला असेल तर त्याला प्रायोगिक गटात उड्डाणाची परवानगी मिळते. या तरतुदीचा एक दूरगामी परिणाम झाला. कारखान्यात बनलेल्या विमानात प्रत्येक उपकरणाला खर्चिक प्रमाणपत्राची गरज असते, तशी ती येथे नाही. विद्युतमंडलाचा आराखडा ठरविण्याचा अधिकार बांधणाऱ्याकडेच राहतो, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.

1975 मध्ये बर्ट रुटान यांचे व्हेरीईझी हे विमान पुढे आले. त्याचा पंखा मागे होता. पुढचे चाक आत घेऊन, नाक जमिनीवर टेकवून, मागून हाताने पंखा फिरविण्याची पद्धत त्यात प्रचलित होती. वजन वाचविण्याच्या ध्यासापायी स्टार्टर व मोठी बॅटरी टाळण्याकडे त्या काळी कल होता. याउलट रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतील विमानांत लायकमिंग एंजिन, विद्युत स्टार्टर आणि बॅटरी ही रचना सर्वसामान्य झाली. या मालिकेतील 10,000 हून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. त्यामुळे येथे चर्चिलेला प्रश्न काही थोड्या प्रयोगशील व्यक्तींपुरता राहिला नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली भागातील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान 2016 मध्ये मुंबईत भरलेल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडले गेले आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. अमेरिकेसारखी व्यापक परंपरा व स्वतंत्र नियमचौकट नसलेल्या ठिकाणी असा प्रयत्न किती कठीण असतो, हे त्या दीर्घ प्रवासावरून लक्षात येते.

काचेच्या कॉकपिटचे आगमन

प्रवासी विमानांत इलेक्ट्रॉनिक पडद्यांचा वापर 1980 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. 1982 मध्ये सेवेत आलेल्या बोइंग 767 मध्ये विमानाचा कल व दिशा दाखविणारे पडदे होते. अशी उपकरणे छोट्या विमानाच्या मालकाला परवडणारी नव्हती. सूक्ष्म संवेदक, स्वस्त प्रक्रियक आणि सपाट द्रवस्फटिक पडदे उपलब्ध झाल्यावर ही स्थिती पालटली.

या पालटाचा लाभ प्रथम घेणाऱ्यांत स्वनिर्मित विमानांचे मालक होते. डायनॉन या कंपनीचा ईएफआयएस-डी10 हा छोटा दर्शक 2003 मध्ये बाजारात आला. ग्रँड रॅपिड्स टेक्नॉलॉजीज व ब्लू माउंटन या कंपन्यांचे दर्शकही त्याच सुमारास प्रचारात आले. 2009 मध्ये डायनॉनने स्कायव्ह्यू ही मोठ्या पडद्याची प्रणाली जाहीर केली. कल, उंची, वेग, दिशा, नकाशा, एंजिनाचे तापमान, इंधन आणि तेलाचा दाब ही सारी माहिती एका पडद्यावर आली.

येथे इतिहासाने एक वळण घेतले. पूर्वी तेलदाबाचा काटा बॅटरी असो वा नसो, हलत असे. आता तोच दाब संवेदकाकडून विद्युतसंकेताच्या रूपाने येऊ लागला आणि तो दाखविण्यासाठी संगणक जागा असणे अपरिहार्य झाले. एंजिनाचे बॅटरीपासूनचे स्वातंत्र्य टिकले होते. माहितीचे स्वातंत्र्य मात्र संपले.

विद्युतदाब का कोसळतो

पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा स्थिर विद्युतदाब सुमारे 12.6 ते 12.8 व्होल्ट असतो. स्टार्टरची मोटर थांबलेली असताना तिच्यात विरोधी विद्युतदाब निर्माण झालेला नसतो. त्यामुळे बटण दाबताच पहिल्या काही क्षणांत शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो. मोटर फिरू लागली की तो कमी होतो. बॅटरीचा अंतर्गत रोध आणि तारांचा रोध मिळून 0.01 ओहम धरला आणि प्रवाह 400 अँपिअर धरला, तर 4 व्होल्ट तेथेच खर्च होतात. उपकरणांच्या वाट्याला केवळ साडेआठ व्होल्टच्या आसपास दाब उरतो. थंड हवामान, जुनी बॅटरी, बारीक तारा किंवा गंजलेले जोड यांमुळे ही घट आणखी वाढते.

वजन कमी करण्याच्या प्रयत्नांनी या प्रश्नात भर घातली. जुन्या अवजड स्टार्टरच्या जागी कायमचुंबकी मोटरचे हलके स्टार्टर आले. त्यांचा प्रारंभीचा प्रवाह अधिक असतो. जुन्या मोठ्या बॅटरीऐवजी सुमारे 7 किलो वजनाच्या, 16 अँपिअर-तास क्षमतेच्या बंदिस्त बॅटऱ्या लोकप्रिय झाल्या. दिवा अशा वेळी केवळ मंद होतो आणि पुन्हा उजळतो. संगणक मात्र आपल्या किमान मर्यादेखाली दाब जाताच बंद पडतो. पुन्हा सुरू होताना त्याला संवेदक जुळवून घ्यावे लागतात, काही प्रणालींत विमान स्थिर असावे लागते, आणि तोवर वैमानिक अंधारात असतो.

एव्हिऑनिक्स मास्टर : एका प्रथेचा वाद

या प्रश्नावर एक जुने उत्तर तयारच होते. एंजिन सुरू होईपर्यंत सर्व रेडिओ व इलेक्ट्रॉनिक उपकरणे एका मुख्य स्विचने बंद ठेवावीत, असे ते उत्तर. ट्रान्झिस्टरचे रेडिओ विमानांत नव्याने आले त्या काळात ही प्रथा पडली. प्रारंभीचे ट्रान्झिस्टर नाजूक होते आणि स्टार्टरमुळे निर्माण होणाऱ्या विद्युतदाबाच्या लाटांनी ते जळतात अशी समजूत होती.

विचिटा येथील विद्युत अभियंता रॉबर्ट नकल्स यांनी या समजुतीला आव्हान दिले. विमानउद्योगात दीर्घकाळ काम केलेल्या नकल्स यांनी एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन या ग्रंथाद्वारे हौशी बांधणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांना विद्युतमंडलाचे शिक्षण दिले. त्यांचा युक्तिवाद असा की, स्टार्टर चालू असताना खरी अडचण अतिदाबाची नसून न्यूनदाबाची असते. चांगल्या उपकरणाने विमानातील नेहमीचे चढउतार सहन करावेत अशीच अपेक्षा असते. 1975 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या डीओ-160 या मानकात विद्युतपुरवठ्यातील चढउतार आणि क्षणिक लाटा यांसाठी स्वतंत्र चाचण्या आहेतच. उलट सर्व उपकरणे एकाच स्विचवर टांगली तर तो स्विच बिघडताच सर्व काही एकदम जाते.

यावर उपाय म्हणून त्यांनी दीर्घोपयोगी विद्युतपट्टीची कल्पना मांडली. अत्यावश्यक उपकरणे एका वेगळ्या पट्टीवर घ्यावीत. नेहमी तिला मुख्य पट्टीकडून डायोडमार्फत वीज मिळावी आणि गरज पडल्यास दुसऱ्या स्विचने थेट बॅटरीकडून मिळावी. या आराखड्याने एका मार्गाचा बिघाड दुसऱ्या मार्गाने भरून काढता आला. तथापि यंत्रारंभाचा प्रश्न त्याने पूर्णतः सुटला नाही, कारण दोन्ही मार्ग शेवटी एकाच बॅटरीपर्यंत पोहोचतात आणि स्टार्टर त्याच बॅटरीला वाकवीत असतो.

उपायांचे मूल्यमापन

2003 नंतरच्या काळात प्रचारात आलेले उपाय स्थूलमानाने पाच गटांत मांडता येतात.

पहिला उपाय म्हणजे दर्शक बंद ठेवून एंजिन सुरू करणे. यात खर्च नाही. परंतु सुरुवातीला तेलदाब दिसत नाही. लायकमिंगच्या सूचनेप्रमाणे 30 सेकंदांत किमान तेलदाब न दिसल्यास एंजिन बंद करावयाचे असते. पडदा सुरू होण्यातच त्यातील बराच वेळ गेला तर ही सूचना कागदावरच राहते. काहींनी त्यासाठी तेलदाबाचा स्वतंत्र इशारादिवा बसविला. तो स्वस्त असून विद्युतदाब घटला तरी निकामी होत नाही.

दुसरा उपाय दर्शकासाठी राखीव बॅटरीचा. डायनॉनच्या डी10ए या दर्शकात अंतर्गत बॅटरीची सोय होती. स्कायव्ह्यूसाठी स्वतंत्र राखीव बॅटरी मिळू लागली. मुख्य पुरवठा घटताच ती भार उचलते. हाच उपाय उड्डाणात विद्युतव्यवस्था कोलमडली तरी उपयोगी पडतो, हे त्याचे मोठे बलस्थान आहे. मात्र या बॅटरीची क्षमता काळानुसार घटते. तिची नियमित चाचणी झाली नाही तर ती केवळ मनाची समजूत ठरते.

तिसरा उपाय म्हणजे स्टार्टरशी संबंध नसलेली दुसरी छोटी बॅटरी. काही दर्शकांना, विशेषतः ग्रँड रॅपिड्सच्या, एकापेक्षा अधिक पुरवठामार्ग जोडता येतात. ज्या मार्गाचा दाब अधिक, तेथून वीज घेतली जाते. बाहेरून डायोड लावून हेच साधता येते. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये 0.7 व्होल्टच्या आसपास दाब खर्च होतो, शॉट्की डायोडमध्ये त्याहून कमी. रचना सोपी असली तरी वजन आणि देखभाल वाढते.

चौथा उपाय दाब वाढविणाऱ्या परिवर्तकाचा. बॅटरीचा दाब कमी झाला तरी हे साधन तो वर उचलून दर्शकाला स्थिर पुरवठा देते. अमेरिकेतील टीसीडब्ल्यू टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशी साधने खास स्वनिर्मित विमानांसाठी आणली. तथापि परिवर्तक दाब वाढवितो, साठा वाढवीत नाही. मुख्य बॅटरीच गेली तर तोही गेला.

पाचवा उपाय मोठ्या कपॅसिटरचा. 2 अँपिअर घेणाऱ्या दर्शकाला 2 व्होल्टच्या घटीत 0.05 सेकंद तगवायचे तर 0.05 फॅरॅड धारकता लागते. संपूर्ण 3 सेकंद तगवायचे तर तीच 3 फॅरॅड होते. पहिल्या खोल खड्ड्यापुरता हा उपाय चालेल, दीर्घकाळ स्टार्टर फिरवावा लागला तर नाही.

2010 च्या दशकात लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्या आल्या. त्यांचा स्थिर दाब 13 व्होल्टहून अधिक आणि अंतर्गत रोध कमी असल्याने प्रश्नाची तीव्रता घटली. पण त्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक काही परिस्थितीत बॅटरी तोडू शकतो, ही नवी बाब विचारात घ्यावी लागली. एक अवलंबित्व कमी करताना दुसरे निर्माण होते, याचे हे आणखी एक उदाहरण.

प्रमाणित विमानांशी तुलना

कारखान्यात बनणाऱ्या विमानांनी हाच प्रश्न कसा सोडविला हे पाहणे उपयुक्त ठरेल. गार्मिन जी1000 प्रणाली असलेल्या सेस्ना 172 मध्ये राखीव बॅटरी असते. वैमानिक एंजिन सुरू करण्यापूर्वी तिची चाचणी घेतो आणि ती सज्ज करतो; तेव्हाच मुख्य पडदा उजळून त्यावर एंजिनाची माहिती दिसू लागते. म्हणजे राखीव बॅटरीची तपासणी ही प्रत्येक उड्डाणाच्या क्रमातच गुंफली आहे. साधन तेच, परंतु त्याच्याभोवती शिस्त बांधलेली आहे.

याउलट दिशेनेही देवघेव झाली. 2016 मध्ये एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने डायनॉनचा डी10ए दर्शक काही प्रमाणित विमानांत बसविण्याची मान्यता मिळविली. हौशी कार्यशाळेत पारखले गेलेले उपकरण अशा रीतीने प्रमाणित विमानांत पोहोचले.

नवे पडदे आले म्हणजे सुरक्षितता आपोआप वाढते, असे मात्र नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2010 मध्ये, 2002 ते 2006 या काळात बनलेल्या छोट्या प्रमाणित विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदे असलेल्या विमानांत एकूण अपघातांचे प्रमाण कमी, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक आढळले. वैमानिकाला आपल्या विशिष्ट प्रणालीचे व तिच्या बिघाडाचे प्रशिक्षण हवे, यावर मंडळाने भर दिला. स्वनिर्मित विमानांत तर प्रत्येक विमानाचे विद्युतमंडल निराळे असते. मूळ बांधणाऱ्याला त्याचे सर्व बारकावे ठाऊक असतात. तेच विमान विकत घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला ते ठाऊक असतीलच असे नाही. म्हणून सुवाच्य मंडलचित्र आणि लेखी कार्यक्रम यांना येथे बॅटरीइतकेच महत्त्व आहे.

निष्कर्ष

1) यंत्रारंभाच्या वेळी दर्शक बंद पडणे हा एखाद्या उपकरणाचा दोष नसून दोन ऐतिहासिक प्रवाहांच्या भेटीचा परिणाम आहे. बॅटरी मूलतः एंजिन फिरविण्यासाठी आली. नंतर माहितीचा सारा भारही तिच्यावरच पडला.
2) इलेक्ट्रॉनिक ठिणगीव्यवस्था मॅग्नेटोची जागा घेत असल्याने एंजिनाचे बॅटरीपासूनचे स्वातंत्र्यही आता पूर्वीसारखे गृहीत धरता येत नाही. काही उत्पादकांनी ठिणगी उपकरणातच छोटे जनित्र ठेवून जुने तत्त्व जपले आहे, ही बाब लक्षणीय आहे.
3) एव्हिऑनिक्स मास्टर स्विचचा वाद दाखवितो की, मूळ कारण मागे पडल्यावरही प्रथा टिकून राहते. तिची पुनर्तपासणी करण्याचे काम येथे हौशी समुदायाच्या चर्चेतून झाले.
4) पाच उपायांपैकी केवळ स्वतंत्र साठा असलेले उपाय, म्हणजे राखीव बॅटरी व दुसरी बॅटरी, यंत्रारंभ आणि उड्डाणातील बिघाड अशा दोन्ही प्रसंगी उपयोगी पडतात. इतर उपाय सोयीचे आहेत, परंतु त्यांची मर्यादा ओळखूनच ते योजावेत.
5) राखीव साधनाची किंमत त्याच्या चाचणीवर अवलंबून असते. प्रमाणित विमानांतील तपासणीचा क्रम स्वनिर्मित विमानांनी उचलणे हाच या प्रश्नावरील सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.

राइट बंधूंना आपले विद्युतघट जमिनीवर ठेवून उडता आले. आजच्या वैमानिकाला ते सोबत न्यावेच लागतात. या दोन अवस्थांमधील शंभरहून अधिक वर्षांत विमान अधिक समर्थ झाले, त्याचबरोबर ते अधिक परावलंबीही झाले. हे परावलंबित्व नाकारता येणार नाही. परंतु ते कोठे आहे हे माहीत असणे आणि त्या जागी दुसरा आधार ठेवणे विमान बांधणाऱ्याच्या हाती आहे.